बांधलेले आणि बांधून घेतलेले

हेडिंग्ली म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, १९८६ साली दिलीप वेंगसरकरांनी तिथे ठोकलेलं नाबाद शतक आठवतं. त्याच क्रिकेट मैदानाच्या पाठीला पाठ लावून दुसरं एक मैदान आहे. ते लीड्स ऱ्हायनोज या रग्बी लीग क्लबचं. रॉब बरो तिथे २००१ पासून २०१७ पर्यंत खेळला. ४९२ सामने, आठ विजेतेपदं आणि क्लब एकच. त्याची उंची होती पाच फूट पाच इंच. रग्बी लीगमध्ये तेराजणांचा संघ असतो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरचे धरून पाडतात आणि सहाव्यांदा पडल्यावर चेंडू त्यांच्या हवाली करावा लागतो. शंभर किलोच्या माणसांना भिडायच्या अशा खेळात बरो सतरा हंगाम टिकला, आणि दुसरीकडे कुठे गेला नाही.

अशा खेळाडूला आपण निष्ठावंत म्हणतो आणि ही निष्ठा खेळाइतकीच जुनी असेल असं धरून चालतो. पण ज्या निष्ठेचं आज कौतुक होतं ती या खेळात गेल्या पन्नासेक वर्षांतली आहे. त्याआधी जे होतं ते वरवर तसंच दिसत असलं, तरी त्याची जात वेगळी होती.

या खेळाचा जन्मच मुळी रोजंदारीच्या भांडणातून झाला. इंग्लंडच्या उत्तरेकडचे रग्बी खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे. शनिवारी सामना खेळायचा तर पाळी बुडायची, पगार कापला जायचा. ही बुडालेली मजुरी, दिवसाला सहा शिलिंगपर्यंत, भरून द्यावी एवढीच उत्तरेच्या क्लबांची मागणी होती. लंडनमधल्या धुरीणांना तीही मान्य नव्हती. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात या क्लबांनी सवतासुभा मांडला. १८९८ मध्ये पैसे घेऊन खेळायला उघड परवानगी मिळाली, तीही खेळाडूला दुसरी नोकरी असलीच पाहिजे या अटीवर. नोकरी गावात आणि संघही त्याच गावाचा. गाव सोडल्याशिवाय क्लब कसा सोडणार?

मग बाहेरगावचे खेळाडू पैसे मोजून आणायची पद्धत रुजली आणि तिच्याबरोबर खेळाडू राखून ठेवण्याची. ज्या क्लबकडे नाव नोंदलेलं, त्याची परवानगी नसेल किंवा त्याने सांगितलेली किंमत दुसऱ्या क्लबने मोजली नसेल, तर खेळाडूला हलता येत नसे. कराराची मुदत संपली तरी पकड सुटत नसे. जिम सलिव्हन १९२१ मध्ये सतरा वर्षांचा असताना वेल्समधल्या कार्डिफहून विगन क्लबकडे आला. विगनने त्याच्यासाठी साडेसातशे पौंड दिले. लंडनच्या धुरीणांचा जुना खेळ म्हणजे रग्बी युनियन. तो सोडून लीगकडे जाणाऱ्याला तेव्हा युनियनचं दार कायमचं बंद होई, म्हणजे वेल्सकडून युनियन खेळण्याचं स्वप्न त्या सहीबरोबर संपलं. पुढे पंचवीस वर्षांत तो विगनसाठी ७७४ सामने खेळला. विगनवर त्याचा जीव होता यावर मी शंका घेणार नाही. पण परतीची वाट बंद आणि शेजारची वाट क्लबच्या मर्जीवर, अशा माणसाच्या मनात काय होतं ते सामन्यांच्या आकड्यावरून कसं कळावं?

ही वाट मोकळी करणाऱ्या माणसाचं नाव या खेळाबाहेर फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. तो ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या बाल्मेन क्लबचा डेनिस टटी. खेळाडू राखून ठेवण्याची पद्धत तिथेही होती. १९६४ च्या अंतिम सामन्यात बाल्मेनकडून उतरला तेव्हा तो जेमतेम अठरा वर्षांचा होता. १९६८ च्या अखेरीस त्याने क्लबकडे मोकळीक मागितली. क्लब नाही म्हणाला. टटी १९६९ चा अख्खा हंगाम घरी बसला आणि नेमकं त्याच वर्षी बाल्मेनने साउथ सिडनीला ११-२ असं हरवून विजेतेपद पटकावलं. ज्या पदकासाठी खेळाडू आयुष्य वेचतात ते त्याच्या सोबत्यांना मिळालं. तो कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की खेळाडू राखून ठेवण्याचे हे नियम म्हणजे माणसाच्या रोजीरोटीवर घातलेला अवाजवी निर्बंध आहे.

टटीला त्या काळी अनेकांनी कृतघ्न ठरवलं असेल. मला तो निष्ठेचा सगळ्यात मोठा उपकारकर्ता वाटतो. जाता येत असूनही राहिला, असं एखाद्या खेळाडूबद्दल म्हणता येणं त्याच्यासारख्यांमुळे शक्य झालं.

मात्र जाता येऊ लागल्यावर राहणं अवघड झालं. १९९५ मध्ये दूरचित्रवाणीच्या हक्कांवरून ऑस्ट्रेलियात मोठं युद्ध पेटलं, पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये सुपर लीग ही स्पर्धा आली, खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक झाले. पाठोपाठ संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. ती हवीच, नाहीतर श्रीमंत क्लब सगळ्यांनाच विकत घेतील. पण तिच्यातून एक पेच निर्माण झाला. क्लबने पोरं घडवायची, ती मोठी झाली की त्यांचा भाव वाढणार आणि सगळ्यांना ठेवायला मर्यादेत जागा उरणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न स्टॉर्म क्लबने ही मर्यादा चोरून ओलांडली आणि २०१० मध्ये त्यांची २००७ व २००९ ची विजेतेपदं काढून घेतली गेली. या काळात एका क्लबला चिकटून राहणं म्हणजे बहुधा दुसरीकडचे जास्तीचे पैसे सोडणं.

बरोची पिढी मला मोलाची वाटते ती याच पार्श्वभूमीवर. केविन सिनफील्ड, डॅनी मॅग्वायर, जेमी जोन्स-बुकॅनन आणि बरो हे लीड्सच्याच तालमीत वाढले. २००४ मध्ये त्यांनी लीड्सला बत्तीस वर्षांनी पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. २०११ च्या अंतिम सामन्यात बरो बचावपटूंच्या हातांखालून वाकून निसटला आणि थेट गोलरेषेपलीकडे पोचला. त्या दिवशी सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला एकमताने मिळाला.

डिसेंबर २०१९ मध्ये त्याला मोटर न्यूरॉन डिसीज झाल्याचं निदान झालं. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीच यात मरत जातात, आणि इलाज नाही. आतापर्यंत प्रश्न होता खेळाडू क्लबला काय देतो, आता तो उलट फिरला. सिनफील्ड लीड्सकडून ५२१ सामने खेळला, पण अखेरच्या काळात युनियनकडे गेला. काटेकोर हिशेबात तो एका क्लबचा खेळाडू ठरत नाही. तोच सिनफील्ड मित्रासाठी २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला आणि त्यातून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. मे २०२३ मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये त्याने बरोला चाकाच्या खुर्चीतून ढकलत नेलं आणि शेवटची रेषा ओलांडताना उचलून घेतलं. बरो २ जून २०२४ रोजी गेला. वय एक्केचाळीस. सीक्रॉफ्ट रुग्णालयात त्याच्या नावाच्या उपचार केंद्राचं काम दुसऱ्याच दिवशी सुरू झालं.

या मैत्रीपुढे मी नतमस्तक आहे. तरी एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. दहा वर्षं सेवा केलेल्या खेळाडूसाठी निधी-सामना भरवायची या खेळात जुनी चाल आहे, आणि हे सारं त्याच चालीचं मोठं रूप आहे, लोकांच्या प्रेमावर चालणारं. बरोला सिनफील्ड होता, भरलेलं हेडिंग्ली होतं. डोक्याला बसलेल्या मारातून मेंदूला इजा झाली म्हणून रग्बी लीगच्या संघटनेविरुद्ध कोर्टात गेलेल्या माजी खेळाडूंपैकी कित्येकांची नावं गर्दीला ठाऊक नाहीत. त्यांच्या गुडघ्यांचा, मणक्यांचा आणि स्मरणशक्तीचा खर्च कराराच्या कागदातच लिहिलेला असावा, आणि तो खेळ सोडल्यानंतरच्या वर्षांसाठीही असावा. १८९५ ची मागणी बुडालेल्या पाळीच्या भरपाईची होती. ही मागणी तिच्याच पुढची आहे.