बालकाचे शब्द बालकाचेच राहोत

एखाद्या बालकावर अत्याचार झाल्याचा संशय आला, तर आपण त्याला काय विचारू? ‘त्या काकांनी तुला त्रास दिला ना?’ हे शब्द मायेपोटी सहज ओठांवर येतात. परंतु हा प्रश्न नव्हे, प्रश्नाचा वेश घेतलेले उत्तर आहे. वडीलधाऱ्यांना हवे ते बोलण्याची मुलांना सवय असते. भेदरलेले मूल ‘हो’ म्हणून किंवा ‘नाही’ म्हणून आपली सुटका करून घेते.

पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना आम्हांला हाच धडा मिळतो. मसुदा वाचून दाखवून ‘समजले का?’ असे विचारले, की श्रोते नम्रपणे ‘समजले’ म्हणतात. ‘काय ऐकले ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हटल्यावरच आमच्या चुका उघड होतात.

हा धडा विसरल्याने काय घडते ते अमेरिकेतील मॅकमार्टिन खटल्यात दिसले. १९८३ साली कॅलिफोर्नियातील एका बालवाडीवर अत्याचाराचे आरोप झाले. शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. ‘इतरांनी सांगितले आहे, तूही सांग’ अशी गळ घालण्यात आली. सांगणाऱ्यांचे कौतुक झाले. १९९० साली प्रकरण संपले तेव्हा एकही आरोपी दोषी ठरला नव्हता. मुख्य आरोपीने मात्र पाच वर्षे तुरुंगात काढली होती. निरपराध भरडला जावा आणि खरोखर पीडित असलेल्या मुलाची साक्षही निरुपयोगी ठरावी, असे दोन्ही अनर्थ अशा प्रश्नांतून संभवतात.

पुढे मायकेल लॅम्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली मुलाखतपद्धती २००० साली प्रसिद्ध झाली. तीत मुलाला आधी सांगितले जाते, की ठाऊक नसेल तर तसे म्हण. माझे चुकले तर मला सांग. मग एखाद्या साध्या प्रसंगाचे वर्णन करवून त्याला बोलते केले जाते. त्यानंतरच ‘काय झाले ते सगळे सांग’ असे मोकळे आवाहन येते. हे साधे वाटते, पण साधत नाही. एकदा वर्ग घेऊन भागत नाही. मुलाखती वरचेवर तपासून चुका दाखवल्या नाहीत, तर शिकलेला मनुष्यही जुन्या सवयीकडे वळतो, असे संशोधकांना आढळले आहे.

कोणी म्हणेल, ‘दुखावलेल्या लेकराशी इतकी सावधगिरी का? त्यावर विश्वास ठेवणे पुरेसे नाही काय?’ विश्वास अवश्य ठेवावा. पण ज्याच्यावर विश्वास आहे, त्याच्या तोंडी आपण आपले शब्द घालत नाही. खोटी साक्ष देऊ नये अशी आज्ञा आहे. बालकाच्या मुखातून स्वतःचा संशय वदवून घेणारा, हेतू कितीही चांगला असला, तरी त्या आज्ञेच्या विरुद्ध जातो.

एली याजकाचे स्मरण करा. देवाने आपल्याशी काय भाषण केले ते शमुवेल भीतीने सांगत नव्हता. एलीने त्याला काहीही न लपवता सारे सांगण्यास सांगितले. उत्तर सुचवले नाही. निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध होता, तरी त्याने तो बदलला नाही की दडपला नाही. आपल्या मंडळीची, शाळेची वा वसतिगृहाची अब्रू पणाला लागते, तेव्हा आपण असे ऐकू शकू काय?

आपल्या देशातील २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकाचा जबाब ते जसे बोलेल तसाच नोंदवावा लागतो. अपराधाची माहिती वा शंका असणाऱ्याने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. म्हणून पालकहो, शिक्षकहो, पाळकहो, उलटतपासणी करू नका. शांतपणे ऐका, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, विनाविलंब कळवा, आणि पुढील प्रश्न त्या कामात प्रशिक्षित असणाऱ्यांना विचारू द्या. एवढा संयम हीदेखील त्या लेकरावरील प्रीतीच आहे.