पिवळ्या दिव्यासमोर

गाडी सावलीत लावा. इंजिन बंद करा, काच थोडी खाली घ्या. लगेच कुणाला फोन लावू नका.

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा दिवा लागला होता. पिवळा. ऑइलचा किंवा टेंपरेचरचा लाल दिवा असता तर मननाला सवडच नव्हती. तिथे गाडी बाजूला घेऊन बंद करायची, बस्स. हा पिवळा दिवा लुकलुकत असेल तरी तेच करायचं. इंजिन मिसिंग मारतंय, न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय आणि तो महागडा भाग आतून भाजून निघतोय. पण दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी पळत असेल, तर तुमच्या हाताशी वेळ आहे.

आता चावी फक्त 'ऑन'वर आणा. स्टार्टर मारू नका. सगळे दिवे लागतील, त्यांत हाही लागायला हवा. जुनी गाडी विकत घेताना हे जरूर बघावं, कारण चावी फिरवूनही जो दिवा लागत नाही त्याचा बल्ब कुणी तरी हळूच काढलेला असू शकतो. तुमचा लागतोय. निदान एवढं तरी खरं आहे.

मनात पहिलं वाक्य कोणतं आलं? बहुधा, 'आता किती हजारांना पडणार?' त्यामागोमाग दुसरं: 'सेन्सर गेला असेल.' पहिल्याचं उत्तर आज मिळणार नाही. दुसरं तुमचं नाहीच, ते कधी तरी गॅरेजच्या दारात कानावर पडलेलं आहे. ती दोन्ही वाक्यं शेजारच्या सीटवर ठेवा.

आणि हे लक्षात घ्या: दिवा लावण्याआधी गाडीचा कॉम्प्युटर स्वतः थांबला होता. बहुतेक दोषांत तो एका फेरीवर विश्वास ठेवत नाही. पहिल्यांदा दिसलं की मनाशी नोंदवतो. पुढच्या फेरीतही तेच दिसलं, तर दिवा लावतो. यंत्राने दाखवला तेवढा धीर आपल्याला जड जाऊ नये.

स्टिअरिंगखाली हात घाला. दोषाचा कोड वाचणारा स्कॅनर जोडायचं सोळा पिनांचं एक सॉकेट लागेल. अमेरिकेत १९९६ पासून आणि आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ही ओबीडी-२ पद्धत सक्तीची झाली. त्याआधीच्या काही गाड्यांत सॉकेट दिसतं, पण स्वस्तातल्या स्कॅनरशी ते बोलेलच असं नाही. तुमचं बोललं असं धरू. पडद्यावर येतं: पी ०१७१. सिस्टीम टू लीन. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

इथेच बहुतेक जण पाकीट काढतात. लीन कोण म्हणालं? ऑक्सिजन सेन्सर. मग बदला ऑक्सिजन सेन्सर! भाजी अळणी लागली म्हणून जीभ बदलण्यातला हा प्रकार आहे.

त्यापेक्षा त्या सेन्सरच्या जागी जाऊन बसा. तुम्ही एक्झॉस्टच्या पाइपात आहात. तुम्हाला इंजिन दिसत नाही, पेट्रोलही कळत नाही. कळतो तो फक्त समोरून जाणाऱ्या धुरात उरलेला ऑक्सिजन. तो जास्त असला की तुम्ही ०.१ व्होल्टच्या आसपास बोलता, नसला की ०.९ च्या. एवढीच तुमची भाषा. तिकडे कॉम्प्युटर ते ऐकून पेट्रोल कमीजास्त करतो, कारण त्याला एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण राखायचं असतं. किती टक्के वाढवावं लागलं याचा आकडा तो जपून ठेवतो. स्कॅनरवर तो फ्युएल ट्रिम म्हणून दिसतो. पाच-दहा टक्क्यांची ये-जा चालायची. आकडा वीस-पंचवीसच्या घरात जाऊन तिथेच मुक्काम ठोकतो तेव्हा कॉम्प्युटर हात टेकतो आणि दिवा लावतो.

मग तो जादा ऑक्सिजन आला कुठून? घाई न करता विचारा. इनटेकच्या एखाद्या रबरी पाइपला चीर गेली असेल आणि हिशेबाबाहेरची हवा आत शिरत असेल. हवा ठीकच असेल, पण पंप थकल्यामुळे पेट्रोल कमी पडत असेल. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला बारीक तडा असेल आणि प्रत्येक ठोक्यामागे बाहेरची हवा आत ओढली जात असेल. तसं असेल तर इंजिनचं काहीच बिघडलेलं नाही. आणि मला सगळ्यात विचार करायला लावणारी शक्यता ही: एक प्लग ठिणगीच टाकत नाही. त्या सिलिंडरमधलं पेट्रोल जळलं नाही, तसंच बाहेर आलं. पण ऑक्सिजनही वापरला गेला नाही, तोही बाहेर आला. सेन्सरला ऑक्सिजन तेवढा कळतो, म्हणून तो प्रामाणिकपणे म्हणतो, लीन. कॉम्प्युटर तितक्याच प्रामाणिकपणे आणखी पेट्रोल ओततो. खोटं कुणीच बोललेलं नाही.

आता इंजिन सुरू करा, गरम होऊ द्या. आयडलिंगला ट्रिमचा आकडा बघा. मग रेस करून अडीच हजार आरपीएमवर धरा आणि पुन्हा बघा. आयडलिंगला वीस असलेला आकडा रेसवर चार-पाचापर्यंत उतरला, तर चिरेवर संशय घ्या: थ्रॉटल मिटलेला असताना इंजिन त्या फटीतून जोरात ओढतं, उघडल्यावर तेवढीशी हवा कुणाच्या खिजगणतीत राहत नाही. उलट जोर लावल्यावर आकडा चढत असेल, तर पेट्रोल पुरत नाही. (आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्या हवेचं वजन न मोजता इनटेकमधला दाब मोजतात. तिथे हीच चीर ट्रिममध्ये फारशी दिसत नाही, आयडलिंग मात्र विनाकारण वर राहतं. हे न सांगणारे व्हिडिओ बघून अनेकांनी चांगले पाइप बदलले असतील.)

इंजिन बंद करा, पुरतं थंड होऊ द्या आणि बॉनेट उघडा. नुसतं वरून बघू नका. रबरी पाइप वरून काळाभोर, नवा दिसतो. चीर पडते ती खालच्या अंगाला, वाकणात, क्लिपच्या लगत. बोट खालून फिरवा. हलकंसं वाकवा. चांगलं रबर दबून परत येतं. जुनं आधी कडक लागतं आणि मग बोटाखाली एक रेघ तोंड उघडते, सोडलं की मिटते. ही रेघ कोणताही कोड सांगत नाही. पुण्या-मुंबईत खाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरीही नजरेखालून घाला, उंदरांना त्यांची चटक असते.

पाइप बदलला, की बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा मोह होईल. तो आवरा. त्याने दिवा जाईल, पण कॉम्प्युटरने शिकलेले आकडे आणि दोष दिसला त्या क्षणी टिपून ठेवलेली वेग-तापमानाची नोंदही जाईल. उपाय लागू पडला असेल, तर लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्यावर दिवा आपणहून विझतो. विझला, की स्कॅनर पुन्हा लावा आणि लाँग टर्म ट्रिम वाचा. आकडा अजून पंधराच्या वर असेल तर बॉनेट परत उघडा. दुसरी एखादी फट शिल्लक असू शकते.