लाथ कुणाला बसली?

ही गोष्ट एका लाथेची आहे. लाथ माझी. खाल्ली एका कुत्र्यानं.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर सायडर. पाळीभर तुटलेला धागा जोडायचा. चार दिवस सुट्टी मिळाली तसा दापोली तालुक्यात मामाकडं गेलो. मनात आलं, केळशीहून हर्णैपर्यंत किनाऱ्यानं चालत जावं. मामा म्हणाला, 'एकटा नको जाऊस. काळूला ने सोबत.'

हा मुलूख आपल्याला परका नाही. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, शेजारच्या मंडणगड तालुक्यात. महाडकडून येणारी सावित्री केळशीच्या उत्तरेला बाणकोटला समुद्राला मिळते. त्या महाडात २० मार्च १९२७ ला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. माझी गोष्टही पाण्याचीच आहे.

ओहोटी होती. ओल्या वाळूत पाय रुतत नाहीत, चालायला बरं पडतं. काळू खेकड्यांच्या मागं. मागं वळून बघितलं तर माझी पावलं, त्याची पावलं. पेशवाईत पुण्यात आपल्या पूर्वजांना कमरेला झाडू बांधून स्वतःची पावलं पुसत चालावं लागे, असं बाबासाहेबांनी १९३६ च्या त्या न झालेल्या भाषणात लिहून ठेवलंय. समुद्र सगळ्यांचीच पावलं पुसतो. जात विचारत नाही.

जात वाळू संपली की सुरू होते. दुपारी बाटलीतलं पाणी संपलं, म्हणून एका वाडीत शिरलो. वाडीचं नाव सांगत नाही. अंगणात एक म्हातारी होती. काळूची जीभ बाहेर. 'अगो बाई, किती दमलंय मुकं जनावर!' म्हणाली नि करवंटीत पाणी ओतून त्याच्यापुढं ठेवलं. डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्यासाठी तांब्या भरता भरता विचारलं, 'कुठचे तुम्ही? कोणाकडं आलात?' मी मामाच्या गावाचं नाव सांगितलं. बौद्धवाडी म्हणालो. तांब्या थांबला. आवाज मात्र तसाच गोड. 'पुढं ग्रामपंचायतीचा नळ आहे हो.'

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. बाहेर आलो. काळू तोंड चाटत, शेपूट हलवत पायात आला, आणि मी त्याच्या बरगडीत लाथ घातली. कळवळला. दहा पावलं मागं राहिला. मग पुन्हा मागोमाग आला.

पुढची सगळी वाट विचार करत गेली.

पहिला प्रश्न, ती म्हातारी दुष्ट होती का? नव्हती. तिची दया खोटी नव्हती. पण दया वरून खाली ओतता येते. ओतणाऱ्याची जागा हलत नाही. काळू उद्या येऊन म्हणणार नाही की ही विहीर माझीही आहे. मला तांब्या दिला असता तर तिला एक पायरी खाली उतरावं लागलं असतं. म्हणून दयाळू माणूस आरामात जात पाळू शकतो. मुंग्यांना साखर घालणारे हात आपण पाहिलेत.

महाभारतात धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. ऐकणारे माना डोलावतात. पण वाटेत द्रौपदी पडली, भाऊ पडले, तेव्हा हा थांबला नव्हता. आणि तो कुत्राही शेवटी धर्मच निघतो. कुत्रा कुत्राच निघाला असता तर? त्याच ग्रंथात दुसरा कुत्रा आहे, एकलव्यावर भुंकणारा. एकलव्यानं त्याचं तोंड बाणांनी बंद केलं. त्या विद्येपायी अंगठा गेला तो एकलव्याचा.

आणि मनुस्मृती? दहावा अध्याय सांगतो, चांडाळानं गावाबाहेर राहावं, कुत्री नि गाढवं हीच त्याची संपत्ती. म्हणजे गावाबाहेर आमच्यासोबत कोण होतं? कुत्रा. त्या जुन्या शेजाऱ्याला मी लाथ घातली.

दुसरा प्रश्न अवघड, कारण तो माझा आहे. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता सांगितली. वर चढत जाणारा आदर, खाली उतरत जाणारा तिरस्कार. गिरणीत मॅनेजर मास्तरवर ओरडतो, मास्तर जॉबरवर, जॉबर माझ्यावर. मी समजत होतो, आपण तळाला आहोत. पण अपमान झाल्याबरोबर मी माझ्याखाली आणखी एक पायरी बांधली आणि तिच्यावर काळूला बसवलं.

आपण भाषणात म्हणतो, आम्हाला कुत्र्यापेक्षा वाईट वागवतात. खरं आहे. १९३१ साली बाबासाहेबांनी गांधींनाही हेच सुनावलं होतं. पण तो नेम व्यवस्थेवर होता, कुत्र्यावर नव्हता. तळ्यावर जनावरांना मज्जाव करा, अशी मागणी महाडला आपण केली नव्हती.

कुणी कार्यकर्ता म्हणेल, 'माणसं मरतायत, नि तू कुत्र्याचं काय घेऊन बसलास?' दोस्ता, मी दयेचा प्रचार करत नाही. दया आपल्याला नको, तर ती दुसऱ्याला तरी कशाला वाटायची? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या मागं, निघाला. त्यात फरक सांगितलाय. करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जिवांपर्यंत. मला त्यातून एवढंच कळलं की मैत्रीत पायऱ्या नसतात.

माझा राग खरा होता. पत्ता चुकला. 'आजी, पाणी द्यायचं नसेल तर कारण तोंडानं सांगा,' हे वाक्य त्या अंगणात बोलायचं होतं. ते मी कुत्र्याच्या बरगडीत घातलं. यानं म्हातारीचा तांब्या हलला नाही. व्यवस्थेला हेच तर पाहिजे असतं.

हर्णैला पोचलो तेव्हा बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता. पाण्याची बाटली विकत घेतली. अर्धी प्यायलो, उरलेली ओंजळीत धरून काळूपुढं केली. तो लगेच आला नाही. माझ्या पायाकडं बघत राहिला. शेवटी आला. त्यानं माफ केलं असं म्हणून मी सुटत नाही. माफ करायचं की नाही हे ठरवायची मोकळीक त्याला कुठाय?

त्या अंगणात मी परत जाणार आहे. या खेपेला तांब्या थांबला तर गप्प राहणार नाही.

आणि तुम्ही, मित्रांनो, मोर्चावरून घरी गेलात की तपासा. दिवसभर गिळलेला अपमान रात्री कुणाच्या बरगडीत जातो? बायकोच्या? पोराच्या? तिथं एक पायरी तयार होतेय. आधी ती फोडा.

जयभीम.