वर्षावास आणि पाहणाऱ्याचा डोळा

मृग नक्षत्राचे मेघ अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढू लागले, म्हणजे पैनगंगेच्या काठी वसलेल्या देऊळघाटच्या शिवारात चातकाची आर्त हाक ऐकू येऊ लागते. आणि ती हाक कानी पडताच कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढवून पांदणीच्या चिखलात उतरणाऱ्यांपैकी मीही एक आहे. आफ्रिकेतून नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे या मुलखात येणारा हा पक्षी केवळ मेघोदकावर जगतो, अशी कल्पना करून आपल्या कवींनी त्याला अनन्यभक्ताचे पद बहाल केले, आणि कालिदासाच्या मेघदूतातही त्याची हजेरी लागली. प्रत्यक्षात तो येतो प्रपंचासाठी. पावसाने उपजलेल्या सुरवंटांवर त्याची गुजराण होते, आणि त्याची मादी आपले अंडे सातभाईच्या घरट्यात ठेवते. ते अंडे सातभाईच्या अंड्यासारखेच निळे असते, आणि त्यातून निघालेले पिल्लू बहुधा सातभाईच्या पिल्लांना बाहेर न ढकलता त्यांच्यासोबतच वाढते. भक्ताच्या रूपकाने या वस्तुस्थितीचे काही बिघडत नाही. पण जो पाहुणा आपल्या गावी संसार मांडायला आला आहे, त्याच्याकडे कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या मर्यादेत पाहावे, हा धर्माचाच प्रश्न आहे, असे मला वाटते.

मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक आहे. त्यातला एक फळ चाखतो, दुसरा न चाखता केवळ पाहतो. भाष्यकार शंकराचार्यांनी पहिल्याला जीव आणि दुसऱ्याला ईश्वर म्हटले. पक्ष्यांचे छायाचित्र घेणारा मनुष्य स्वतःला नकळत त्या दुसऱ्या पक्ष्याच्या जागी बसवतो. आपण बंदूक आणली नाही, फासा लावला नाही, पीसही उचलले नाही, मग आपण साक्षीच नव्हे काय, असे त्याचे म्हणणे असते. हे म्हणणे मला मान्य नाही. उपनिषदातला द्रष्टा अधिक चांगले दिसावे म्हणून फांदी बदलत नाही. त्याला पाहण्यातून काही मिळवायचे नसते. इथे मात्र बाभळीच्या शेंड्यावर भिजलेला चातक अंग झाडतो, त्याची काळी शेंडी डोक्याला चिकटून बसलेली असते, पंख उघडताच त्यावरचा पांढरा ठिपका क्षणभर लखलखतो, आणि तेवढ्या अवधीत बटणावरचे बोट अधीर होते. उजेड कमी, काचेवर वाफ, म्हणून पाय आपोआप एक पाऊल पुढे पडते. ते पाऊल फळासाठीच पडलेले असते. छायाचित्र हा दाखला खरा, पण त्या दाखल्याचे कब्ज्यात रूपांतर होण्यास एवढे एक पाऊल पुरते.

या पावलाचा विचार आपल्या परंपरेने फार पूर्वी केला आहे. विनयपिटकात वर्षावासाच्या नियमाची जी हकीकत आहे, तीत भिक्षू पावसाळ्यातही भटकतात, हिरवे गवत तुडवतात, असंख्य क्षुद्र जीवांचा घात करतात, अशी तक्रार लोकांनी केल्याचे सांगितले आहे. आणि त्या लोकांनी दिलेला दृष्टान्त असा, की पाखरेदेखील झाडांच्या शेंड्यावर घरटी बांधून पावसाळ्यात एका ठायी राहतात. तेव्हा बुद्धांनी वर्षाकाळी एका जागी मुक्काम करण्याची आज्ञा केली. जैन साधूंचा चातुर्मासही याच अहिंसेच्या भूमीवर उभा आहे. ज्या डोंगररांगेत अजिंठ्याचे विहार कोरले गेले, तिच्याच अंगाखांद्यावरील शिवारात उभे राहून हा नियम आठवला, की मन खजील होते; कारण ज्या पाखरांच्या स्थैर्याकडे बोट दाखवून संन्याशांना थांबवले, त्या पाखरांच्याच मागे आपण धुऱ्याधुऱ्याने, सोयाबीनची कोवळी रोपे चुकवीत फिरत असतो.

शेतकरीही त्याच चिखलात उतरतो, हे खरे. पण त्याचे उतरणे पोटासाठी आणि हंगामाच्या हुकमाने असते. डवरा फिरवायचा तो वाफशावरच, तो दिवस पुढे ढकलता येत नाही. आपले चित्र पुढे ढकलता येते.

पूर्वीच्या छायाचित्रकारांना एक अडचण होती, तिची दखल घेतली पाहिजे. जड कॅमेरे आणि मंद काचा यांमुळे पक्षी ठरलेल्या जागी वारंवार येईल अशीच जागा त्यांना शोधावी लागे, आणि ती जागा म्हणजे घरटे. लोदर यांचे या देशातील पक्षी-छायाचित्रणावरील पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले, त्या काळात घरट्यापाशी आडोसा उभारून बसणे ही रूढ पद्धत होती. आता लांब पल्ल्याच्या भिंगांनी ती निकड उरलेली नाही. तरीही काटेरी झुडपातले सातभाईचे घरटे नीट दिसावे म्हणून आडवी फांदी बाजूला सारली जाते, पालक पक्षी कलकलाट करीत दूर होतात, आणि संततधार पावसात उघडी पडलेली, अजून पिसे न फुटलेली पिल्ले गारठतात. सरकवलेली फांदी पूर्ववत झाली नाही, तर कावळ्यालाही वाट मोकळी होते. चातकाची ध्वनिमुद्रित हाक वाजवून खऱ्या चातकाला जवळ बोलावणे तर मला खोटी साक्ष देण्यासारखे वाटते. तो प्रतिस्पर्धी आला असे समजून येतो, आणि ज्या वेळात चारा शोधायचा, तो वेळ नसलेल्या शत्रूला हुसकावण्यात घालवतो.

चित्रेच नसतील तर लोकांच्या मनात या जीवांविषयी ममता कशी उपजेल, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण माझीही ममता अंशतः चित्रांतूनच उपजली आहे. म्हणून कॅमेरा घरी ठेवा असे मी म्हणत नाही. उघड्या बाभळीवर, तारेवर, नदीकाठच्या निंबावर चातक आपणहून बसला असेल, तर पांदणीची हद्द न ओलांडता त्याचे चित्र घ्यावे. घरट्याचे मात्र, ते समोर दिसत असले तरी, आषाढापासून पितृपक्ष सरेपर्यंत घेऊ नये. त्याने ज्ञानात तूट येत नाही: अंड्याचा निळा रंग आणि पिल्लांचे एकत्र वाढणे जुन्या निरीक्षकांनी पूर्वीच लिहून ठेवले आहे. जे न घेता परत यावे लागते ते केवळ आपल्या संग्रहातले एक पान, आणि अपरिग्रहाचे व्रत या पानापासून सुरू करणे निदान आम्हा कॅमेरेवाल्यांना अवघड नसावे.