राजुरेश्वरा, गाऱ्हाणं ऐक

राजुरेश्वरा, गणराया, तू विद्येचा धनी. आमच्या भोकरदन तालुक्यात लेकरू शाळेत जायला लागलं की आधी तुझ्या पायावर घालतात. मलाही घातलं होतं. म्हणून माझ्या विद्येचं गाऱ्हाणं तुझ्यापुढंच मांडते.

मी फार्मसी शिकले, देवा. आवडीनं शिकले.

लोकांना हे खरं वाटत नाही. ‘नीटला नंबर लागला नाही का गं?’ असं मायेनं विचारतात, आणि ती माया फार लागते. ‘एवढं शिकून शेवटी गोळ्याच विकायच्या ना?’ म्हणतात. स्थळ येतं, पाहुणे पोहे खातात, ‘मुलगी मेडिकलवर बसते’ एवढं ऐकलं की बोलणं तिथंच थांबतं. माझी फी कपाशीच्या पैशातून भरणारे बाबा तेव्हा जमिनीकडं बघत राहतात. माझं सोड, देवा. बाबांची मान खाली जाऊ देऊ नकोस.

मी लहान आहे, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांची जागा मला नको. त्यांनी लिहिलेली चिठ्ठी आणि आजारी माणूस यांच्यामध्ये जे हातभर काउंटर असतं, तेवढीच माझी जागा. पण तिथं काय काय येतं, ते तू बघतोस ना? जुलाबानं सुकलेल्या नातवाला कुणी आजी ओआरएसचं अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पाजते. ते एक लिटर पाण्यात घालायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, पण दोन्हींत पॅरासिटामॉल असतं आणि माणूस दोन्ही घेत राहतो. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं आणि आमच्याकडं ऐन मे महिन्यात लाईट जाते. अँटिबायोटिक तर बरं वाटलं की दुसऱ्याच दिवशी बंद.

हे सगळं सांगायला मला शब्द दे. मागं रांग लागली तरी सांगायचा धीर दे. हात स्थिर ठेव. डोळा जागा ठेव. एका अक्षराच्या फरकानं औषध बदलतं, तेव्हा माझ्याजवळ राहा.

तुझे उपकार किती आठवू? १९३२ साली काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात महादेव लाल श्रॉफ यांनी या विद्येचा पाया घातला, म्हणून ती फिरत फिरत जालन्याच्या पोरीपर्यंत आली. २०२० साली सगळी शटरं खाली होती, तेव्हा मेडिकलचं शटर वर होतं; त्यामागं उभे राहणारे तूच उभे केलेस. सरकारी दवाखान्याच्या खिडकीत बसून दिवसभर गोळ्या मोजून देणारे, ज्यांना सगळे नुसते ‘कंपाउंडर’ म्हणतात, त्यांनाही तूच सांभाळलंस. त्यांच्यासाठी तुला हात जोडते.

१९४८ च्या कायद्यानं औषध देण्याचं काम नोंदणी झालेल्या फार्मासिस्टच्या हाती दिलं. लोकांच्या मनानं ते अजून दिलेलं नाही. त्याला कारण आमच्यातलेही काही आहेत, देवा, तुझ्यापासून काय लपवू? सर्टिफिकेट भाड्यानं देतात. कागद दुकानाच्या भिंतीवर आणि माणूस भलत्याच गावी. मग लोकांनी आम्हाला का मोजावं? पैशाची ओढाताण मला माहीत आहे, त्यांना दोष द्यायला मन धजत नाही. त्यांना पोटापुरतं दे. मला तो मोह देऊ नकोस.

आणखी एक मागते. आमच्या गल्लीतली एक पोर यंदा बारावीला आहे. तिला फार्मसीच शिकायची आहे, पहिल्या पसंतीनं, मनापासून. घरच्यांना सांगायला ती घाबरते. फॉर्म भरायची तारीख जायच्या आत तिच्या आईच्या मनात ये, गणराया. चारचौघांत विचारलं तर त्या माउलीनं ‘लेक फार्मसीला आहे’ असं मोठ्या आवाजात सांगावं, एवढं कर.