फूल, भाजी, तण

विदर्भाला लागून असलेल्या सौंसर-पांढुर्णा भागात ऊन तापू लागले की एकाच कुळातली तीन झाडे तीन जागी दिसू लागतात. अंगणातल्या कुंडीत चिनी गुलाब फुलतो, आठवडी बाजारातल्या टोपल्यांत चिवळ येते आणि ओलिताच्या वावरात, संत्र्याच्या आळ्यांत घोळ पसरते. वनस्पतिशास्त्राने या तिघांना पोर्तुलाका या एकाच प्रजातीत ठेवले आहे. रसाने भरलेली जाड पाने, जमिनीला टेकून वाढणाऱ्या लालसर काड्या, ऊन पडल्यावर उघडणारे आणि काही तासांत मिटणारे फूल, ही सगळी लक्षणे तिघांत सारखी आहेत. माणसाची वागणूक मात्र तीन तऱ्हांची आहे. पहिल्याला तो रोज पाणी घालतो, दुसरी पैसे मोजून घरी आणतो आणि तिसरी मुळासकट उपटून धुऱ्यावर फेकतो.

झाडाचे नाव ठरले की आपण त्याच्याकडे पाहणे थांबवतो. मग फूल म्हणून जपलेले झाड कुंडीत जास्तीच्या पाण्याने कुजते आणि तण म्हणून ठरवलेले झाड औषधाच्या फवाऱ्याने जळते. वरवर ही मरणे अगदी वेगळी दिसतात, पण दोन्हींच्या मुळाशी न पाहण्याची एकच सवय आहे.

चिनी गुलाबाचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत आहे. अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलच्या दक्षिण भागात तो रानोमाळ उगवतो. जॉन गिलीज या स्कॉटिश डॉक्टरने तो अँडीज पर्वताच्या पायथ्याशी, मेंडोझाच्या कोरड्या, रेताड मुलखात पाहिला आणि विल्यम हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ साली त्याला पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा हे शास्त्रीय नाव दिले. कुंडीत तो कसा जगेल, याचे उत्तर या जन्मस्थळातच आहे. तिथे माती हलकी, पाऊस थोडा आणि ऊन भरपूर. पाणी येते तेव्हा जमिनीतून झरझर निघूनही जाते.

त्याच्या रंगांमागेही वेगळेच रसायन आहे. गुलाब, जास्वंद, गोकर्ण यांचे तांबडे-निळे रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांमुळे येतात. चिनी गुलाबात ती नसतात. त्याचे किरमिजी, नारिंगी, पिवळे रंग बीटालेन गटातले आहेत. बीटचा लाल रस, बोगनवेलीची रंगीत पाने, गुलबक्षी आणि लाल राजगिरा हे सगळे याच गटातले. ही दोन्ही रंगद्रव्ये एकाच झाडात एकत्र सापडत नाहीत. घोळीच्या काडीवरची तांबूस छटाही बीटालेनचीच आहे, म्हणजे धुऱ्यावर फेकलेल्या आणि कुंडीत जपलेल्या झाडांचा रंगही एकाच घरातून आलेला असतो.

फुलाची वेळ तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाठ असते. ऑफिस टाइम हे त्याचे दुसरे नाव त्यातूनच आले. प्रकाश आणि ऊब पुरेशी झाली की साधारण नऊ-दहाच्या सुमारास पाकळ्या उघडतात आणि दुपार कलताना मिटतात. प्रत्येक फूल एकाच दिवसाचे. ढगाळ दिवशी कळ्या तशाच राहतात. फूल पूर्ण उमलले असताना मधल्या पिवळ्या पुंकेसरांना गवताच्या काडीने हलका स्पर्श करून पाहावा. ज्या बाजूने स्पर्श झाला, त्या बाजूला ते कलतात. फुलात उतरलेल्या मधमाशीच्या अंगाला त्यामुळे जास्त पराग लागतो. एकेरी फुलांवर फुलोरी माश्या आणि पोयाच्या बारीक माश्या सकाळभर येत राहतात. बाजारात मिळणाऱ्या भरगच्च दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असल्याने माश्यांना तिथे फारसे काही मिळत नाही आणि बीही कमी धरते.

हे सगळे कडक उन्हात कसे चालते? मे महिन्यात नागपूर पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, इतर कुंड्यांतली पाने माना टाकतात आणि पोर्तुलाका मात्र टवटवीत राहतो. मका, ज्वारी, ऊस ही पिके उष्णतेतही वेगाने अन्न बनवतात, कारण त्यांची कर्ब बांधण्याची एक खास पद्धत आहे, तिला सी-४ म्हणतात. निवडुंगासारख्या झाडांची पद्धत निराळी. ती पानांची छिद्रे रात्री उघडतात, हवेतला कर्बवायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा छिद्रे मिटून तो वापरतात, त्यामुळे पाणी वाचते. घोळीला दोन्ही येते. पाणी असेल तेव्हा ती मक्यासारखी वाढते आणि पाणी आटले की निवडुंगासारखी काटकसर जोडीला घेते. या दोन पद्धती तिच्या पानात एकाच पेशीत एकमेकींत गुंफलेल्या असतात, हे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवून दिले. पाण्याचा ताण पडलेल्या दिवसांत तिची पाने सकाळी जास्त आंबट लागतात, त्याचे कारण रात्रभर साठलेले हे आम्लच.

जगातल्या मोजक्या झाडांना साधलेली ही किमया ज्या झाडाला येते, त्याला आपण तण म्हणतो.

चिनी गुलाब सांभाळायचा तर घोळीच्या या भावंडाचीही ऊन सोसण्याची ताकद आधी ओळखावी लागते. सौंसरकडची काळी माती कपाशीला उत्तम, पण कुंडीत एकटी वापरली तर ती पाणी धरून बसते, सुकली की भेगाळते आणि पोर्तुलाकाची बारीक मुळे गुदमरतात. एक भाग माती, एक भाग जाडी रेती किंवा बारीक मुरूम आणि अर्धा भाग कुजलेले शेणखत एवढे मिश्रण त्याला पुरते. मुळे खोल जात नसल्याने कुंडी उथळ आणि पसरट घ्यावी, तळाला भोके मात्र मोकळी असावीत. दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवे. सावलीत काड्या लांबुळक्या होतात आणि फुले कमी येतात.

लागवडीसाठी रोप विकत घेण्याचीही गरज नसते. चार बोटे लांबीची काडी खुडावी, खालची पाने काढावीत आणि ओलसर मिश्रणात खोचावी. उन्हाळ्याच्या तोंडावर आठ-दहा दिवसांत तिला मुळे फुटतात. बी पेरायचे तर ते वर नुसते भुरभुरावे, मातीखाली गाडू नये. ते अतिशय बारीक असते आणि उगवायला त्याला उजेड लागतो. मातीचा वरचा दोन बोटांचा थर कोरडा झाल्याशिवाय पाणी देऊ नये. बहर ओसरला की काड्यांचे शेंडे खुडावेत, म्हणजे नवे फाटे फुटतात आणि कुंडीवर दाट गालिचा तयार होतो. युरियासारखे नत्र जास्त झाले तर पाला माजतो आणि कळ्या रुसतात. पानांच्या बगलेत पिठ्या ढेकणाचे पांढरे पुंजके दिसले तर साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचे तेल मिसळून संध्याकाळी फवारावे.

खरी परीक्षा पावसाळ्यात होते. सततच्या पावसात काड्या बुडाशी मऊ पडतात आणि दोन दिवसांत सगळी कुंडी बसते. म्हणून जूनमध्येच कुंडी वळचणीखाली, पण उजेडात हलवावी आणि चार काड्या वेगळ्या रेतीत लावून ठेवाव्यात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ थांबते आणि पाने गळतात. झाड मेले असे समजून तेव्हा पाणी वाढवणे हाच त्याला सर्वांत मोठा धोका. पुष्कळ कुंड्या दुर्लक्षाने मरत नाहीत, घाबरून घातलेल्या पाण्याने मरतात. प्रेम कमी पडलेले नसते, निरीक्षण कमी पडलेले असते.

चिवळीकडे वळले की दृष्टी बदलते. पोर्तुलाका क्वाड्रिफिडा हे तिचे शास्त्रीय नाव. पाने तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, पेरांवर पांढरी लव, फूल चार पाकळ्यांचे आणि पिवळे. प्रत्येक पेर जमिनीला टेकले की मूळ धरते, त्यामुळे तिचा बारीक गालिचा मातीला घट्ट चिकटून राहतो. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या या मराठी मुलखात ती उन्हाळ्याची भाजी आहे. निवडायला किचकट, कारण मुळे आणि माती काढता काढता तासभर जातो. पण मुगाच्या डाळीत किंवा बेसन पेरून केलेल्या चिवळीची आंबूस चव ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना तो तास जड वाटत नाही. उन्हाळ्यात तिने पोटाला थंडावा मिळतो अशी घरोघरची समजूत आहे.

चिवळीचे पिवळे फूल कुणी केसांत माळत नाही आणि चिनी गुलाबाची भाजी कुणी करत नाही. उपयोगाची ही वाटणी पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून झाली आहे आणि तिचा मान राखायला हवा. शोभेच्या कुंडीतला पाला औषधे फवारलेला असू शकतो, म्हणून तो ताटात येऊ नये हेच बरे. मात्र ही वाटणी करणाऱ्या बायकांना तिन्ही झाडे काडीवरून ओळखू येत होती. घोळीसारखी दिसणारी, जमिनीवर पसरणारी दुधी त्यांनी कधी टोपलीत येऊ दिली नाही. काडी मोडल्यावर पांढरा चीक आला की ती घोळ नव्हे, एवढी खूण त्यांना पुरेशी होती. वाटणी अजून टिकून आहे, खूण मात्र विसरत चालली आहे.

घोळ जुनी आहे. ‘भावप्रकाश’ या सोळाव्या शतकातल्या आयुर्वेदाच्या ग्रंथात भाज्यांच्या वर्गात तिची नोंद आहे. हिरव्या पालेभाज्यांत अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ गटातले स्निग्धाम्ल तिच्याइतके क्वचितच सापडते. ऑक्झलेटही तिच्यात बरेच असल्याने मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती बेताने खावी. जवळच्या वर्ध्यात, मगनवाडीत राहत असताना गांधीजींनी १९३५ साली ‘हरिजन’मधून रोजच्या जेवणातल्या हिरव्या पाल्याबद्दल लिहिले होते. गरिबाच्या ताटातली उणीव बांधावरच्या पाल्याने भरून निघू शकते, हा विचार या भागाला परका नाही.

शेतकऱ्याची बाजूही खरी आहे. एका घोळीच्या झाडावर हजारो बिया धरतात, झाकणासारखी उघडणारी बोंडे त्या मातीत सांडतात आणि बी वर्षानुवर्षे जिवंत राहते. निंदणात उपटलेली घोळ धुऱ्यावर पडून राहिली आणि वर सर आली तर तिथेच मूळ धरते. कोवळ्या कपाशीत ती पाणी आणि खत खाते. मजुरी वाढली, निंदायला माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा तणनाशकाची बाटली हाच सोपा मार्ग ठरला. तो घेणाऱ्याला दोष देऊन भागत नाही, कारण त्याच्या हिशेबात घोळीला किंमतच कुणी लावलेली नाही.

पण सरसकट फवारणीची किंमत कुणीतरी मोजतेच. ग्लायफोसेटला भारतात मान्यता होती ती चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागेपुरती, तरी त्याचा वापर कुठवर पसरला हे गावोगाव माहीत आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये हे औषध केवळ कीड नियंत्रणाचे काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसांनीच वापरावे असा निर्बंध घातला. फवारलेल्या वावरातून चिवळ-घोळ खुडणे धोक्याचे, म्हणून ती खुडणाऱ्या बायकांचे क्षेत्र आकसते. भाजी ताटातून गेली की तिची ओळख जाते आणि ओळख गेली की पुढच्या पिढीला ती फक्त तण म्हणूनच भेटते. पीक कोवळे असताना ओळीतले निंदण करावे, पण जाणत्या झाडांच्या संत्रा बागेत ओळींमधली जमीन उघडी पडू न देता काही पट्टे राखावेत. जमिनीलगतचा हिरवा थर मातीवर सावली धरतो आणि तेवढी भाजीही मिळते.

तणासारख्या झाडाचीही ओळख टिकू शकते, याचे एक उदाहरण मात्र आपल्या डोळ्यांसमोर रोज असते. रुई रस्त्याकडेला, उकिरड्यावर वाढते, तिला कुणी पाणी घालत नाही. शनिवारी तिच्याच पानांची माळ मारुतीच्या गळ्यात पडते. श्रद्धेने तिला जागा दिली म्हणून मराठी मुलखातले लहान मूलही रुई ओळखते. याच मारुतीचे या भागातले, जाम आणि सर्पा नद्यांच्या सान्निध्यातले जामसांवलीचे मंदिर पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंताच्या मूर्तीसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. नागपूर, छिंदवाडा, पांढुर्णा सगळीकडून मंगळवार-शनिवारी माणसे येतात. २०२३ साली इथे ‘हनुमान लोक’ या मोठ्या मंदिर परिसराच्या कामाची पायाभरणी झाली.

अशा मोठ्या परिसरांत सहसा हिरवळीचे गालिचे अंथरले जातात आणि एप्रिल-मे महिन्यांत ते जिवंत ठेवायला रोज भरपूर पाणी लागते. पायवाटांच्या कडा, कट्ट्यांचे माथे, पाय पडत नाहीत असे उतार या जागी चिनी गुलाब लावता येईल. त्याला पायदळी तुडवणे सोसत नाही, पण ऊन सोसते. शेजारच्या वाफ्यात चिवळ आणि घोळ नावाच्या पाट्यांसह लावली, तर दर्शनाला आलेल्या मुलांना तिन्ही झाडे एकाच नजरेत ओळखता येतील. काड्या विकत आणायला नकोत, आसपासच्या गावांतल्या अंगणांतून त्या गोळा होतील. फेब्रुवारीअखेर खोचल्या तर चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या गर्दीच्या दिवशी, कडा फुललेल्या असतील.