भूमीचे दान आणि रक्षणाचे ऋण

ऱ्हाइन नदी कॉन्स्टन्सच्या सरोवरातून निघून शाफहाउजेन शहराकडे येऊ लागली म्हणजे त्या शहराच्या थोडे अलीकडे, तिच्या उजव्या तीरावर, ब्यूसिंगेन नावाचे एक गाव लागते. क्षेत्रफळ ७.६२ चौरस किलोमीटर, वस्ती दीड हजारांच्या आसपास. गावावर अंमल जर्मनीचा. परंतु त्याच्या चहूंकडे स्वित्झर्लंडचा मुलूख पसरलेला असून जर्मनीची सलग भूमी, जिथे ती सर्वांत जवळ येते तिथेही, सहा-सातशे मीटर दूर राहते, आणि तेवढे अंतर तोडायचे तर परक्या राज्याच्या जमिनीवर पाय ठेवल्यावाचून गत्यंतर नाही. येथील रहिवासी नागरिकत्वाने जर्मन, पण जकातीच्या दृष्टीने त्याचे घर स्वित्झर्लंडच्या हद्दीत मोडते आणि युरोपीय संघाच्या जकात-क्षेत्राबाहेर पडते. सरकारी चलन युरो, व्यवहारात बहुधा फ्रँक. टपालाचे क्रमांक दोन, एक जर्मन व एक स्विस. गावचा फुटबॉल संघ जर्मन असूनही स्विस संघांच्या साखळीत खेळतो. प्राप्तिकर मात्र जर्मनीच्या खजिन्यात भरावा लागतो, आणि मजुरी व जिनसांचे भाव बव्हंशी शेजारच्या महागड्या देशाचे असल्यामुळे हा कर येथील लोकांना फार जुन्या काळापासून जाचत आला आहे.

अशा गावाची हकिकत भूगोलातील एक गंमत म्हणून वाचून सोडून देता येते, आणि बहुतेक लोक तसेच करतात. परंतु ज्या मनुष्याचा कर एका राज्याला जातो, ज्याचे अन्नवस्त्र दुसऱ्या राज्यातून येते आणि ज्याच्या इच्छेला दोहोंपैकी कोणीही फारसे विचारात घेतलेले नाही, तो मनुष्य नेमका कोणाचा ऋणी, हा प्रश्न गमतीचा नाही. ऋण ही कल्पना आपल्या धर्मविचाराच्या पायाशी आहे. देवांचे, ऋषींचे व पितरांचे ऋण घेऊनच मनुष्य जन्मतो असे आपले शास्त्र मानते. मग ज्या राज्यात जन्मलो त्या राज्याचे ऋणही जन्मानेच अंगावर येते, की काही घेतल्यावाचून ते येत नाही?

या ठिकाणी एक उत्तर फार लवकर सुचते, आणि लवकर सुचते म्हणूनच त्याविषयी सावध राहिले पाहिजे. सरहद्द म्हणजे मनुष्याने भूमीवर केलेला अध्यास, म्हणजे खोटा आरोप, आहे. घटातील आकाश आणि घटाबाहेरील आकाश यांत जसा वस्तुतः भेद नाही तसा ब्यूसिंगेनच्या कुरणात आणि त्याला लागून असलेल्या स्विस कुरणात भेद नाही. सबब हा सारा मायेचा खेळ होय, असे म्हणून मोकळे होणारे वेदान्ती आपल्याकडे उदंड आहेत. परंतु शंकराचार्यांनी व्यावहारिक सत्तेला मिथ्या म्हटले म्हणून ती असत् ठरवली नाही. जोवर ज्ञान झाले नाही तोवर व्यवहार बाधित होत नाही, हे त्यांनी पदोपदी सांगितले आहे. शिवाय मला असे दिसते की सरहद्द मिथ्या आहे हे वाक्य देशाच्या मध्यभागी राहणाऱ्या मनुष्याला फारच स्वस्तात पडते. ज्याला कराची दोन राज्यांची कोष्टके शेजारी-शेजारी ठेवून संसाराचा हिशेब करावा लागतो, त्याच्यासमोर ते उच्चारण्यात तत्त्वज्ञान थोडे आणि बेफिकिरी अधिक आहे. तेव्हा वेदान्त्यांना नमस्कार करून मी वैदिक यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांकडे वळतो, कारण त्यांनी हा प्रश्न व्यवहाराच्या पातळीवरच सोडवून ठेवला आहे.

पण आधी गाव असे अधांतरी राहिले कसे, ते सांगितले पाहिजे. सतराव्या शतकाच्या अखेरीस ब्यूसिंगेनवर ऑस्ट्रियाच्या वतीने एबरहार्ट इम थुर्न नावाचा सरदार हुकमत चालवीत असे. भाऊबंदकीच्या तंट्यात धर्मपंथाच्या संशयाची भर पडली. प्रॉटेस्टंट शाफहाउजेनच्या दृष्टीने हा मनुष्य कॅथलिकांकडे झुकणारा ठरला. आणि १६९३ साली त्याच्याच नातलगांनी त्याला पळवून नेऊन त्या शहराच्या स्वाधीन केले. शहराने त्याला बंदिवासात टाकले. ऑस्ट्रियाने सैन्याचा धाक घातला तेव्हा, १६९९ साली, त्याची सुटका झाली. पण दरबाराच्या मनातील राग गेला नाही. पुढे पैशाच्या अडचणीमुळे आसपासच्या गावांवरील हक्क ऑस्ट्रियाने एकामागून एक विकले, १७७० साली रामझेन व डोर्फ्लिंगेन ही गावे झुरिककडे गेली, आणि ब्यूसिंगेन तेवढे हेतुपुरस्सर राखून ठेवले, ते शाफहाउजेनच्या डोळ्यांत कायम सलत राहावे म्हणून. नेपोलियनच्या काळातील उलथापालथीत ते व्युर्टेम्बर्गकडे व तेथून बाडेनकडे गेले, आणि बाडेनबरोबर जर्मनीत आले. एका सरदाराच्या अपहरणाचे उट्टे तीन शतकांनंतरची रयत आपल्या करपावतीवर फेडीत आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नव्हे.

या साऱ्या कथेत गाव विकले जाते, राखले जाते, तहात दिले जाते. हे देणे-घेणे ज्या वस्तूचे चालले आहे ती वस्तू देणाऱ्याची होती काय? जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात विश्वजित् यज्ञाचा विचार आहे. या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावयाचे असते; तेव्हा यजमान जर सार्वभौम राजा असेल तर त्याने पृथ्वीही देऊन टाकावी काय, अशी शंका उपस्थित होते. मीमांसकांचा निर्णय असा की देऊ नये, किंबहुना देताच येत नाही; कारण पृथ्वी सर्व प्राणिमात्रांना सारखीच आहे, आणि राजाचा अधिकार एवढाच की त्याने रक्षण करावे व त्याबद्दल उत्पन्नाचा भाग घ्यावा. सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या व काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी ‘व्यवहारमयूखा’त हाच न्याय पुढे नेला. शेताचे स्वामित्व भौमिकांचे, म्हणजे जमीनधारकांचे, राजाचा हक्क कराचा. परमुलूख जिंकला तरी जेत्याला पराजिताचे जे खाजगी होते तेवढेच स्वामित्वाने मिळते, बाकीच्यावर केवळ कर घेण्याचा अधिकार. आणि राजे लोक ज्याला भूमिदान म्हणतात ते भूमीचे दान नसून केवळ वृत्तीची तजवीज होय, असे त्यांनी निःसंदिग्धपणे लिहून ठेवले आहे. यज्ञाच्या दक्षिणेचा विचार करता-करता या लोकांनी राज्यशास्त्रातील एक मोठी गाठ सहज सोडवली, आणि आपण तिकडे लक्ष दिले नाही.

युरोपात याच्या अगदी उलट समजूत रुजलेली दिसते. लुगानो सरोवराच्या काठी, स्वित्झर्लंडच्या पोटात, कांपिओने नावाचे इटलीचे गाव आहे, इ.स. ७७७ मध्ये तोतोने नावाच्या लोंबार्ड धनिकाने ते मिलानच्या संत अंब्रोजच्या धर्मपीठाला देऊन टाकले, आणि त्या एका दानपत्राच्या बळावर ते आजतागायत शेजाऱ्यांहून निराळे राहिले. दात्याला परलोकात काय मिळाले ते सांगता येणार नाही, इहलोकात मात्र एक सरहद्द निर्माण झाली. हॉलंड व बेल्जियम यांच्या सीमेवरील बार्ले या गावाची चिरफळी तर याहून विलक्षण आहे. ११९८ साली ब्राबांटचा ड्यूक व ब्रेडाचा जहागीरदार यांच्यात जमिनीची जी वाटणी झाली तिच्यातून हॉलंडच्या पोटात बेल्जियमचे बावीस तुकडे उरले, आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा हॉलंडचे सात. तेथे घराचा पुढचा दरवाजा ज्या देशात उघडतो त्या देशाचे ते घर, अशी वहिवाट पडली आहे. म्हणजे सुताराला बोलावून राष्ट्र बदलता येते. यातील काही जमिनीचा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला, आणि १९५९ साली त्याचा निकाल बेल्जियमच्या बाजूने लागला.

त्याच न्यायालयाने पुढच्याच वर्षी, १२ एप्रिल १९६० रोजी, दादरा व नगर हवेलीच्या खटल्याचा निर्णय दिला. तो मराठी वाचकाने मुळातून पाहण्यासारखा आहे. भारताच्या पोटातील या पोर्तुगीज तुकड्यांकडे जाण्याचा हक्क पोर्तुगालने मागितला होता, आणि त्यासाठी आधार दाखवला होता तो पेशव्यांशी झालेल्या १७७९ च्या तहाचा. न्यायाधीशांसमोर १७८३ व १७८५ च्या सनदा आल्या. सरंजाम म्हणजे काय, जहागीर म्हणजे काय, याची चर्चा झाली. आणि निष्कर्ष असा निघाला की मराठ्यांनी पोर्तुगीजांना महसुलाचा हक्क दिला होता, सार्वभौमत्व दिले नव्हते. पोर्तुगालचे सार्वभौमत्व न्यायालयाने मानले ते नंतरच्या इंग्रजी अमदानीतील मूक मान्यतेच्या आधारावर, आणि सैन्य नेण्याचा हक्क तर मानलाच नाही. नीलकंठ भट्टांचे नाव त्या दालनात कोणी घेतले असण्याचा संभव नाही. तरी भूमिदान हे वृत्तीची तजवीज असते हाच सिद्धान्त तीनशे वर्षांनी, परक्या भाषेत, पुण्याच्या दरबारी सनदांवरून पुन्हा स्थापित झाला.

हा न्याय ब्यूसिंगेनला लावून पाहावा. राज्य म्हणजे भूमीचे स्वामित्व नव्हे, रक्षण आणि त्याबद्दलचा भाग, एवढेच जर खरे असेल, तर रहिवाशाचे ऋण ज्याने रक्षण केले त्याच्याकडे जाते. आणि रक्षण दोघांनी केले असेल तर ते वाटले जाते. २३ नोव्हेंबर १९६४ रोजी सही होऊन ४ ऑक्टोबर १९६७ पासून अमलात आलेला जर्मनी व स्वित्झर्लंड यांचा करारनामा या दृष्टीने वाचला म्हणजे मौज वाटते. त्यात रक्षणाची अक्षरशः मोजणी केलेली आहे: गावात जर्मन पोलीस दर शंभर रहिवाशांमागे तीनांहून अधिक नसावेत, स्विस पोलीस एका वेळी दहांहून अधिक नसावेत, गावाकडे येणाऱ्या जर्मन पोलिसाने ठरलेल्या वाटेनेच यावे आणि स्विस जमिनीवर असेतो कोणतेही सरकारी काम करू नये. सार्वभौमत्वाचा डांगोरा पिटणाऱ्या दोन राष्ट्रांनी येथे ते रेशनच्या धान्यासारखे वजन करून वाटून घेतले आहे. याला कोणी विटंबना म्हणेल. मला ते प्रामाणिकपणाचे वाटते. प्रजेकडून षड्भाग घेऊन तिचे रक्षण न करणारा राजा प्रजेच्या पापाचा वाटेकरी होतो असे मनूने म्हटले आहे, आणि घेतलेल्या भागाच्या बदल्यात नेमके काय दिले जाते, हे इतक्या उघडपणे लिहून देणारे दस्तऐवज जगात थोडे आहेत.

येथे युरोपीय तत्त्वज्ञ मध्येच थांबवून विचारील की या हिशेबात रयतेची इच्छा कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. लॉक म्हणतो की राज्याच्या हद्दीत राहणे, नव्हे, तिच्यातील राजरस्त्याने नुसते जाणे, हीसुद्धा त्या राज्याला दिलेली मूक संमती होय. मग ब्यूसिंगेनचा माणूस सकाळी कामावर जाताना एक संमती देतो आणि संध्याकाळी परतताना दुसरी, असे म्हणावे लागेल, आणि इतकी स्वस्त संमती कोणालाच बांधू शकत नाही. फ्रेंच विचारवंत रेनाँने १८८२ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात राष्ट्र म्हणजे नित्य चालणारे सार्वमत, असे सांगितले. कल्पना उदात्त आहे. परंतु ब्यूसिंगेनमध्ये हे सार्वमत कल्पनेत नव्हे, प्रत्यक्षात झाले. पहिले महायुद्ध संपले त्या वर्षी, १९१८ साली, गावकऱ्यांनी मत दिले, आणि त्यांतील ९६ टक्के लोकांनी स्वित्झर्लंडमध्ये जाण्याचा कौल दिला. पुढे काय झाले? मोबदल्यात देण्याजोगी योग्य जमीन स्वित्झर्लंडजवळ निघाली नाही, सबब जर्मनीने अदलाबदल नाकारली. तेथेच प्रकरण मिटले. उलट व्हेरेनाहोफ नावाची तीन घरांची दुसरी एक चिमुकली जर्मन वस्ती, जिच्यात अकरा जर्मन नागरिक राहत, १९६७ साली स्वित्झर्लंडला देण्यात आली. म्हणजे देता येत नव्हते असे नाही.

एक आक्षेप मात्र माझ्या मताला खरोखर अडवतो. रक्षणाच्या मोबदल्यावरच ऋण अवलंबून ठेवले, तर जिथे रक्षण स्वस्त तिथे प्रजेने जावे, अशी बाजारी निष्ठा उरेल. आणि ब्यूसिंगेनमध्ये ती काही अंशी दिसतेही, कारण मिळवती कुटुंबे कर वाचवण्यासाठी शेजारच्या स्विस गावांत जातात, तर निवृत्त स्विस लोक निवृत्तिवेतनावरील कर हलका पडतो म्हणून इकडे येऊन राहतात. या आक्षेपाला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणता येते की यात दोष रहिवाशाच्या निष्ठेत शोधण्यापूर्वी तो हिशेब मांडणाऱ्यांच्या वहीत शोधला पाहिजे. ज्यांनी त्याच्या गावाला सूडाची आणि पुढे सौद्याची वस्तू मानले, त्यांनी त्याच्याकडून मात्र निष्काम भक्तीची अपेक्षा करावी, हे न्यायाचे नव्हे.

१९१८ च्या कौलाला जे उत्तर मिळाले ते चुकीचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. विचारले होते माणसांना, आणि निर्णय दिला गेला जमिनीच्या मोबदल्यावर. जणू बर्लिनचे सरकार त्या कुरणांचे मालक होते आणि किंमत पटली नाही म्हणून त्यांनी विक्री मोडली. मीमांसकांच्या दृष्टीने सौद्याला काढलेली वस्तू विक्रेत्याची नव्हतीच. ब्यूसिंगेनच्या लोकांनी मागितले होते ते एवढेच की जो भाग आपण देतो तो आपले रक्षण करणाऱ्याला द्यावा. त्यावर हो किंवा नाही असे उत्तर त्यांना आजवर कोणीही दिलेले नाही.